हॅलोआजी हयात आहेत

टपाल खात्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला, तिकीट विभाग होता. पत्रांवर लावायची तिकिटं तिथे जन्माला यायची. विभागात एकच चित्रकार बाई होती. तिच्या गळ्यात कायम दोरीला बांधलेलं भिंग असायचं, म्हणून सगळं ऑफिस तिला भिंगताई म्हणायचं. सोळा वर्षं ती थोरामोठ्यांना दोन बोटं रुंदीच्या जागेत बसवत आली होती. शास्त्रज्ञ झाले, गायिका झाल्या, दोन कुस्तीगीर झाले, दीडशे वर्षं जगून अखेर वारलेलं प्राणिसंग्रहालयातलं एक कासवही झालं.

तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांची अक्षरं हातभर उंच असायची, रस्त्याच्या त्या टोकावरून वाचता यायची. लेकीचं काम त्यांना कधी पटलंच नाही. दर वेळी नवं तिकीट हातात घेऊन ते डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "अगं, एवढ्याशा जागेत माणसाचं नाक तरी धड मावतं का?"

"मावतं, बाबा. भिंग घ्या."

"पाटी वाचायला मी गिऱ्हाइकाला भिंग दिलं असतं तर त्याने मला हाकलून दिलं असतं."

त्या वर्षी तिच्याकडे काम आलं ते एका पुराचं. नदीकाठच्या एका गावात पन्नास वर्षांपूर्वी वरच्या अंगाचा बांध फुटला होता. गावातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक तरुण ऑपरेटर बाई कामावर होती. खुर्चीवरून न उठता तिने खालच्या अंगाच्या एकेका घरी फोन लावून लोकांना टेकडीवर पिटाळलं. घरं गेली, भांडीकुंडी गेली, पण माणूस एकही गेला नाही. फाइलमध्ये जुन्या वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. बोर्डासमोर बसलेली बाई, कानाला हेडफोन, हातात वायरची खुंटी, आणि कॅमेऱ्याकडे वळलेला चेहरा. भिंगताईने दोन महिने तो चेहरा घासून घासून काढला. डावी भुवई शेवटाला जरा वर उचललेली होती, जणू बाई विचारतेय, "बोला, कोण हवंय?" ती भुवई साधायलाच आठ दिवस गेले. तिकीट छापून झालं. पेपरात त्याचं चित्रही आलं. प्रकाशनाला तीन आठवडे होते.

आणि एका सोमवारी सकाळी दारात एक म्हातारी उभी राहिली. हातात काठी, खांद्यावर कापडी पिशवी, डोक्यावर पांढरेशुभ्र केस.

"हे तिकिटावरचं चित्र कोणी काढलं?" तिने पेपरचं कात्रण पुढे धरत विचारलं.

"मी काढलं, आजी."

"छान काढलंयस. पण एक चूक आहे त्यात."

भिंगताईने भिंग उचललं. "वेणीची का? कात्रणात नीट दिसत नव्हतं, मी अंदाजाने..."

"वेणी ठीक आहे. अशी जाड कधी नव्हती, पण असू दे, बरी दिसतेय. चूक वेगळीच आहे. ही बाई जिवंत आहे."

"जिवंत? कुठे असतात त्या?"

"आधी मला तुझ्या खुर्चीवर बसू दे," म्हातारी म्हणाली. "तीन जिने चढून आले आहे."

ती बसली, दम घेतला आणि मान वर केली. भिंगताईने तिच्याकडे पाहिलं. सुरकुत्या होत्या, पांढरे केस होते, गालांची हाडं वर आली होती. पण डावी भुवई शेवटाला जरा वर उचललेली होती. भिंग हातात घ्यायची गरजच पडली नाही.

"अगंबाई!" भिंगताई म्हणाली.

"आमच्या इमारतीतली पोरं मला हॅलोआजी म्हणतात. तूही म्हण. आणि आधी पाणी दे."

पाणी आलं, चहा आला आणि त्यांच्या पाठोपाठ विभागाचे अधीक्षक साहेब आले. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते शेजारच्या स्टुलावर बसले. ते स्टूल रंगाच्या बाटल्या ठेवायचं होतं, पण त्यांच्या ते लक्षातच आलं नाही.

गोष्ट साधी नव्हती. खात्याचा नियम अगदी स्पष्ट होता. हयात व्यक्तीचे चित्र टपाल तिकिटावर छापता येणार नाही. आणि इथे चार लाख तिकिटं गठ्ठे बांधून तळघरात तयार होती.

"पण मी स्वतः खात्री केली होती!" अधीक्षक म्हणाले. "त्या गावच्या जुन्या पोस्टमास्तरांना मी फोन केला होता. मी विचारलं, त्या ऑपरेटर बाई कुठे असतात? ते म्हणाले, 'ती होय? ती गेली हो. फार वर्षं झाली.'"

"गेलेच होते की," हॅलोआजी म्हणाल्या. "लग्न करून गेले. नवऱ्याची बदली झाली तिकडे गेले."

"मी त्यांना म्हटलंसुद्धा, 'फार वाईट झालं.' तर ते म्हणाले, 'हो ना, फार चटका लावून गेली.'"

"पोस्टमास्तर चांगला माणूस होता," हॅलोआजींनी मान हलवली. "माझ्या जागी जी नवी मुलगी आली, तिला सगळे चुकीचे नंबर लागायचे. त्याचा चटका."

भिंगताईला हसू आवरेना. अधीक्षकांना मात्र घाम फुटला होता. ते जरा पुढे वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आजी, आपण असं करू या का? ही गोष्ट इथेच, आपल्या तिघांत ठेवू. तीन आठवड्यांनी तिकीट येईल, तुमचा मान होईल..."

"आणि मी काय करू? तोवर उरकून घेऊ का?"

"छे छे, तसं नाही हो!"

"माझं वय एकोणऐंशी. गुडघे सोडले तर सगळं चालू आहे. तीन आठवड्यांत काय होईल सांगता येत नाही, पण मी कोणाला शब्द देणार नाही." मग त्यांनी कप खाली ठेवला आणि त्यांचा सूर बदलला. "हे बघा, मी तक्रार करायला आलेलीच नाही. मला तिकीट नको. त्या दिवशी तिथे मी एकटी नव्हते, एवढंच सांगायला आले. पन्नास वर्षं सांगतेय, कोणी लिहून घेत नाही."

भिंगताईने कोरा कागद ओढला. "मी घेते. सांगा."

हॅलोआजींनी सांगायला सुरुवात केली.

"त्या दिवशी गावात लख्ख ऊन होतं. ढग नाही, काही नाही. दुपारी बाराला बांधावरच्या राखणदाराचा फोन आला. म्हणाला, बाई, बांध फुटला, दोन तासांत पाणी तुमच्याकडे. एवढंच बोलला आणि लाइन मेली. आता मला सांग, असल्या उन्हात कोणाला म्हटलं 'पूर येतोय, पळा' तर तो काय म्हणेल? पहिल्या तिघांनी मला वेड्यात काढलं. चौथ्यापासून मी विनंती करणं सोडून दिलं. सरळ दरडावायचं. 'एक्स्चेंजमधून बोलतेय. पोरं घ्या, म्हातारी माणसं घ्या, टेकडीवर जा. शेजारच्या दहा घरांना सांगा. फोन ठेवा.' झालं, पुढचा नंबर. खालच्या अंगाला अडतीस फोन होते.

"पाऊण वाजता पाणी एक्स्चेंजच्या पायरीला लागलं. राखणदाराचा हिशेब चुकला होता. आता बघ, माझा बोर्ड होता माडीवर, पण तो चालायचा खालच्या खोलीतल्या बॅटऱ्यांवर. बारा काचेच्या मोठ्या बरण्या, तेजाबाने भरलेल्या, जमिनीलगतच्या फळीवर ओळीने ठेवलेल्या. पाणी त्यांना लागलं की बोर्ड बंद. मी वरून ओरडले, 'खांबदादा, बॅटऱ्या!'"

"खांबदादा कोण?" अधीक्षकांनी विचारलं.

"आमचा लाइनमन. जेव्हा बघावं तेव्हा खांबावर, म्हणून मी त्याला खांबदादा म्हणायचे. त्याला म्हटलं होतं, तू जा, तुझी बायको आणि मुलगी घरी आहेत. म्हणाला, 'त्यांना मगाशीच टेकडीवर धाडलंय, तुम्ही बोला निवांत.' त्याने एकेक बरणी वायर न सोडता उचलून टेबलावर ठेवली. दहा बरण्यांत टेबल भरलं. दोन उरल्या. त्या त्याने खांद्यांवर घेतल्या, एक इकडे, एक तिकडे, आणि जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. पाणी गुडघ्याला, मग कमरेला. माझे अकरा फोन राहिले होते. वरून मी विचारायचे, 'दादा, जमतंय ना?' तो म्हणायचा, 'बाई, माझं काय, मी उभाच आहे. तुम्ही नंबर लावा.' पस्तीस मिनिटं, बाळ. शेवटचा फोन लागला, मी ओरडले, 'झालं!' तेव्हा त्याने बरण्या सोडल्या, आणि आम्ही दोघं मागच्या खिडकीतून कौलांवर चढलो."

अधीक्षकांचा चहा केव्हाच थंड झाला होता.

"चार दिवसांनी पेपरवाला आला," हॅलोआजी म्हणाल्या. "दादा तेव्हा खांबावर होता, पडलेल्या तारा जोडत. मी पेपरवाल्याला तीन वेळा सांगितलं. त्याने तीन वेळा लिहून घेतलं. छापून आलं तेव्हा नुसती मी आणि माझी वेणी. पुढे बारा वर्षांनी दादा वारला, असं कानावर आलं. आता माझं तिकीट निघतंय म्हटल्यावर मला चैन पडेना."

भिंगताई उठून उभी राहिली. "साहेब, मी नवीन चित्र काढते. या माणसाचं. ते तर हयात नाहीत, नियम आड येत नाही."

"अहो, पण छापलेल्या तिकिटांचं काय? हे ठरवायचं म्हणजे महासंचालक हवेत. आणि महासंचालक म्हणजे..." त्यांनी बोट छताकडे केलं. "त्यांच्या सचिवाकडे वेळ मागितली तर पुढच्या महिन्यातली मिळते."

"फोन कुठे आहे?" हॅलोआजींनी विचारलं.

अधीक्षकांनी यंत्रवत टेबलावरचा फोन पुढे सरकवला आणि सचिवाचा नंबर लावून दिला. हॅलोआजींनी पाठ ताठ केली, रिसीव्हर कानाला लावला, आणि त्यांचा आवाजच पालटला. जिने चढून दमलेली म्हातारी कुठल्या कुठे गेली. "एक्स्चेंजमधून बोलतेय. साहेबांना तातडीचा कॉल आहे. नाही, निरोप चालणार नाही. मी लाइन धरून ठेवली आहे, फार वेळ धरता येणार नाही. जोडा."

पलीकडच्या सचिवाला एक्स्चेंज म्हणजे काय हे बहुधा ठाऊकही नसावं. पण तो सूर ऐकून त्याचे हात आपोआप हलले असणार, कारण अर्ध्या मिनिटात महासंचालक फोनवर आले.

"कोण बोलतंय?"

"तुम्ही जिचं तिकीट काढलंत ती दिवंगत बाई बोलतेय," हॅलोआजी म्हणाल्या.

अधीक्षकांनी डोळे मिटून घेतले. मग रिसीव्हरमधून एवढा मोठा हसण्याचा आवाज आला की तो तिघांनाही ऐकू गेला.

दुपारी महासंचालक स्वतःच जिना उतरून तिकीट विभागात आले. त्यांनी सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून ऐकली, आणि बरण्यांपाशी आल्यावर आणखी एकदा ऐकली. शेवटी म्हणाले, "जुनी तिकिटं लगद्यात जातील. नवं चित्र दहा दिवसांत द्या. पण एक लक्षात ठेवा, हयात माणसाचा चेहरा त्यात दिसता कामा नये." मग हॅलोआजींकडे वळून ते नम्रपणे म्हणाले, "माफ करा हं, बाई. तुमची वेळ आली की..."

"मी कळवीन," हॅलोआजी म्हणाल्या.

आता प्रश्न होता खांबदादांच्या चेहऱ्याचा. खात्याकडे त्यांचा एकही फोटो नव्हता. "मुलगी होती ना त्यांना?" भिंगताईने विचारलं. "ती कुठे सापडेल?"

हॅलोआजींनी पुन्हा फोन ओढला. पहिला फोन त्या गावातल्या औषधाच्या दुकानात लावला, कारण औषधवाल्याला गावातली सगळी माणसं ठाऊक असतात. त्याने शाळेतल्या एका बाईंचं नाव सुचवलं. त्यांनी आपल्या बहिणीचा नंबर दिला. बहीण म्हणाली, "ती? ती तर बस चालवते." चौथा फोन शहरातल्या बस आगारात गेला. तिथून उत्तर आलं, "त्या गाडीवर आहेत, पाचला सुटतात." हॅलोआजींनी तिच्यासाठी निरोप आणि नंबर ठेवला. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की अधीक्षक दचकले.

"मी खांबावरच्या लाइनमनची मुलगी. कोणाला हवी आहे मी?"

ती रविवारी सकाळी भिंगताईच्या घरी आली, कारण रविवारी ऑफिसला कुलूप असायचं. अठ्ठावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची, मनगटावर मोठं घड्याळ. ड्यूटीवर जाताजाता आली होती, त्यामुळे बसचालकाचा गणवेशच अंगावर होता. हॅलोआजी आधीच येऊन बसल्या होत्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"मावशी, तुम्ही मला कधी पाहिलंयत का?"

"पाहिलंय ना. तू एक्स्चेंजच्या जिन्यावर बसून कणीस खायचीस आणि साल माझ्या बोर्डाखाली लपवायचीस."

बसवाली मोठ्याने हसली. मग तिने पर्समधून पाकीट काढलं. "बाबांचा एकच फोटो आहे माझ्याकडे. उपयोग होईल का बघा."

फोटोत एक उंच खांब होता, तारा होत्या, भरपूर आभाळ होतं आणि वर टोकाला मुंगीएवढा एक माणूस होता. भिंगताईने भिंग लावलं, पुन्हा लावलं. "टाच दिसतेय," ती शेवटी म्हणाली.

"टाच बाबांचीच आहे," बसवालीने खात्री दिली.

मग हॅलोआजींनी तिला बरण्यांची गोष्ट सांगितली. बसवालीला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. गोष्ट संपल्यावरही ती बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिली.

"आमच्या घरी बाबांचा एक सदरा होता," ती म्हणाली. "खांद्यांवर नुसती भोकं. चाळणी झाली होती. आई तो कधी फेकायचीही नाही आणि शिवायचीही नाही. मी आईला विचारलं, हे कशाने झालं, तर बाबाच म्हणाले, 'अगं, बॅटऱ्या हलवल्या तेव्हा तेजाब उडालं असेल थोडं.' बॅटऱ्या हलवल्या! मला वाटलं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ठेवल्या असतील." तिचे डोळे भरून आले आणि तिला हसूही येत होतं. "असा कसा हो हा माणूस? पोटच्या पोरीला सांगायचं नाही?"

"त्याला वाटलंच नसेल की सांगण्यासारखं काही आहे," हॅलोआजी म्हणाल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसलेले भिंगताईचे बाबा खाकरले. "कोणावर गेलीस गं तू, पोरी? आईवर की बाबांवर?"

"बाबांवर. सगळे म्हणतात, नुसती मिशी लावायची बाकी आहे."

"मग अडलंय कुठे?" बाबा उठले. आतून ते आपला जुना चपटा ब्रश घेऊन आले, ज्याने त्यांनी अर्ध्या शहराच्या पाट्या रंगवल्या होत्या. त्यांनी कात्रीने त्याचे काळे केस कापले, कापडाच्या पट्टीवर डिंकाने चिकटवले आणि पट्टी बसवालीच्या हातात दिली. बसवालीने ती नाकाखाली दाबली, टोपी बाजूला ठेवून केस मागे केले आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

हॅलोआजींनी हातातला कप खाली ठेवला. "दादा!" त्या एवढंच म्हणाल्या.

पण लगेच त्यांची तक्रार सुरू झाली. "मिशी जरा खाली वळलेली होती."

"नाही मावशी, सरळ होती."

"रविवारी सरळ असेल. कामावर घामाने खाली वळायची."

"मग पाण्यात उभे होते तेव्हा?"

यावर दोघींचं एकमत झालं. पाण्यात ती खालीच वळलेली असणार. भिंगताईची पेन्सिल धावत होती. बाबांनी स्वयंपाकघरातून साखरेच्या आणि पिठाच्या दोन मोठ्या बरण्या आणल्या, झाकणं घट्ट लावली आणि बसवालीच्या खांद्यांवर दिल्या. पाच मिनिटांत तिचे दंड थरथरू लागले.

"दमलीस तर ठेव," भिंगताई म्हणाली.

"पस्तीस मिनिटं ना?" बसवालीने दात आवळून विचारलं. "घड्याळ लावा."

तिने पस्तीस मिनिटं बरण्या धरल्या. मधे मिशी दोनदा पडली आणि दोन्ही वेळा बाबांनी ती परत लावली. घड्याळ वाजलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बसवाली तशीच, मिशीसकट, भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

चित्रात अजून एक गोष्ट हवी, असं भिंगताईला वाटत होतं. खालून धरलेल्या बरण्या कशासाठी, हे कळायला वर कोणीतरी बोलणारं हवं. तिने वरच्या कोपऱ्यात नुसता एक हात काढला, बोर्डात वायरची खुंटी खोचणारा. त्यासाठी हॅलोआजी तासभर हवेत हात धरून बसल्या. हात म्हातारा होता, तो कागदावर पन्नास वर्षांनी तरुण झाला. पण खुंटी धरायची पद्धत त्यांचीच होती, तीन बोटांची, करंगळी वर.

सोमवारी कच्चं चित्र पाहून अधीक्षकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हा हात हयात आहे ना?"

"आहे."

"मग?"

कायदा सल्लागाराकडे कागद गेला. दोन दिवसांनी दोन पानी मत आलं, आणि त्याचं सार एवढंच होतं की हात हा व्यक्तीचा भाग आहे, व्यक्ती नव्हे, आणि केवळ हातावरून कोणाची ओळख पटत नसल्याने नियमाचा भंग होत नाही. अधीक्षकांनी ते मत मोठ्याने वाचून दाखवलं. गेल्या आठ दिवसांत ते बरेच बदलले होते. जेवणाच्या सुट्टीत ते ऑफिसमधल्या प्रत्येकाला बरण्यांची गोष्ट सांगायचे, आणि दर वेळी त्यांच्या सांगण्यात पाणी थोडं आणखी वर चढायचं.

प्रकाशन ठरल्या दिवशीच झालं, त्या नदीकाठच्या गावातल्या पोस्टात. शहरातून सगळ्यांना न्यायला खास बस होती, आणि ती चालवायला दुसऱ्या कोणाला देणं बसवालीने साफ नाकारलं. महासंचालक तिच्या मागच्याच सीटवर बसले होते. एका वळणावर त्यांनी "जरा सावकाश" म्हटलं, तेव्हा तिने आरशातून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

पोस्टासमोरच्या अंगणात खुर्च्या कमी पडल्या. पडदा सरकला आणि मोठ्या फलकावर तिकीट दिसलं. छातीपर्यंत पाणी, कारण शेवटी अधीक्षकांचाच आग्रह जिंकला होता. दोन्ही खांद्यांवर काचेच्या बरण्या, खाली वळलेली मिशी, आणि चेहऱ्यावर असा भाव की माझं काय, मी उभाच आहे. वरच्या कोपऱ्यात तो हात. भिंगताईच्या बाबांनी फलकापासून वीस पावलं मागे जाऊन ते नीट पाहिलं. परत येऊन म्हणाले, "एवढं मोठं केलं की बरं दिसतं तुझं काम."

हॅलोआजींना मंचावर बसायला सांगितलं होतं, पण त्या खाली गर्दीतच होत्या, कारण गर्दी त्यांच्याकडे आली होती. जुन्या गावकऱ्यांची, त्यांच्या मुलांची, नातवंडांची रांग लागली होती. कोणी नाव सांगितलं की त्या गोंधळायच्या. पण नंबर सांगितला की चेहरा उजळायचा.

"आम्ही नंबर बावीस."

"बावीस! तुमच्याकडे पोपट होता. फोनवर आधी तोच बोलायचा."

"मी सदतीसचा धाकटा."

"तुझ्या वडिलांनी मला त्या दिवशी शिवी दिली होती. म्हणाले, झोपू दे."

"नंतर त्यांनी आयुष्यभर दुपारची झोप घेतली नाही, आजी."

"अरेरे, तेवढी तरी घ्यायची की!"

एक सत्तरीची बाई पुढे आली. "नंबर नऊ," ती हळूच म्हणाली. "माझं बाळ तेव्हा सहा दिवसांचं होतं. तुम्ही म्हणालात, दुपटं नको शोधू, आहे तशी नीघ." तिच्या मागे पन्नाशीचा एक टकला गृहस्थ उभा होता. त्याने वाकून हॅलोआजींचा हात हातात घेतला. "मी ते बाळ," तो म्हणाला. हॅलोआजींनी त्याच्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मोठा झालास रे."

आत पोस्टाच्या खिडकीवर बसवाली रांगेत पहिली होती. तिने लखोटा आणला होता, त्यावर स्वतःचाच पत्ता लिहिला होता. तिकीट विकत घेतलं, ओलं केलं, अंगठ्याने चारी कोपरे दाबून चिकटवलं. कारकुनाने सवयीने शिक्का उचलला.

"थांबा!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शिक्का हवेतच थांबला. "बाबांच्या तोंडावर मारू नका."

"अहो बाई, शिक्का तर मारावाच लागतो."

"मारा ना. कोपऱ्यात मारा. पाण्यावर मारा. तोंडावर नको."

कारकुनाने जीभ दातांत धरली, लखोटा तिरका केला आणि शिक्का इतका जपून ठेवला की त्याची कड तिकिटाच्या खालच्या पाण्याला जेमतेम लागली. बसवालीने लखोटा डोळ्यांजवळ नेला, तपासला आणि म्हणाली, "झकास."

तिच्या मागचा माणूस पुढे सरकला. त्याने आपला लखोटा ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "माझ्याही तोंडावर नको." त्याच्या मागच्या बाईचंही तेच. संध्याकाळपर्यंत त्या खिडकीवर सहाशेवर लखोटे आले, आणि कारकुनाने एकेकावर, मान तिरकी करून, श्वास रोखून, शिक्का पाण्यातच मारला.